करंटमामी आणि शेजारची सीट

करंटमामांनी लग्नाआधी एक गोष्ट लपवून ठेवली होती आणि लग्नानंतर अकराव्या दिवशी ती उघडी पडली. त्या दिवशी ते बाजारातून "कसे लालबुंद मिळाले बघ" म्हणत किलोभर हिरवेगार टोमॅटो घेऊन आले. बायकोने पिशवीत डोकावलं, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पिशवीत डोकावलं. मग तिने खुंटीवरचा तांबडा टॉवेल काढून त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, "हा कुठला रंग?"

मामा म्हणाले, "तूच सांग ना."

मामांना तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नसे. ते गवंडी असते, सुतार असते, तरी एक वेळ निभावलं असतं; पण ते होते गाड्यांच्या वायरिंगचे मिस्त्री. गाडीतल्या झाडून साऱ्या वायरी रंगावरून ओळखायच्या आणि हा गृहस्थ प्रत्येक वायर दोन्ही टोकांना टेस्टरने चाचपून ओळखत होता. तासाभराच्या कामाला सबंध दिवस लागे. गिऱ्हाइकांना वाटे, काय बारकाईने काम करतात!

दुसऱ्या दिवसापासून मामी दुकानात स्टूल टाकून बसू लागल्या. मामा वायर वर धरायचे आणि मामी सांगायच्या, "हिरवी. ही हिरवीच, पण पांढऱ्या रेघेची. ही तांबडी, सोडा ती." दोन वर्षांत त्यांना रंगाबरोबर ती वायर कुठून निघते आणि कुठे जाते, हेही पाठ झालं. पाच वर्षांत मामा अडले की मामी स्टुलावरूनच म्हणू लागल्या, "अहो, तिथे नाही, डाव्या दिव्याच्या मागे बघा." आणि दहा वर्षांनी एका सकाळी मामांनी पक्कड त्यांच्या हातात दिली, स्वतः स्टुलावर बसले आणि म्हणाले, "माझी कंबर दुखते." कंबर त्यांची ठणठणीत होती.

तेव्हापासून बॅटऱ्या आणि बोलणी मामांकडे, वायरिंग मामींकडे. 'करंट' हे नाव मूळचं मामांचं, पण आता नवे लोक मामांनाच "करंटमामींचे मिस्टर का तुम्ही?" असं विचारत. एखाद्याने घाईत नुसतं 'करंटी' म्हटलं, तर मामी लगेच दुरुस्त करत, "करंटी नाही हं, करंटवाली. अक्षरं कमी पडली की अर्थ बदलतो, वायर कमी पडली की गाडी बंद."

त्यांची कामाची एक पद्धत होती. "काय बिघडलंय?" असं त्या कधी विचारत नसत. त्या विचारत, "कधी बिघडतं?"

दातांच्या डॉक्टरांची गाडी दुकानात आली, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. गाडी म्हणजे तांबडी, बुटकी, दोनच सीटांची जुनी स्पोर्ट्स कार. मामींपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान. डॉक्टर उतरले ते अंग चोरून, घडी उलगडावी तसे. त्यांच्या हातात कागदांची फाइल होती. याआधी चार गॅरेजं झाली होती. एकाने पंप बदलला होता, दुसऱ्याने बॅटरी, तिसऱ्याने फ्यूजची पेटी. चौथ्याने सगळं वायरिंग उपसून नवं टाकायला सांगितलं होतं.

"चालता चालता बंद पडते," डॉक्टर म्हणाले. "आधी गचके देते, मग गप्प. बघावं तर पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज उडालेला. नवा घातला की सुरू, जणू काही झालंच नाही."

"कधी उडतो?"

"सांगता येत नाही. एरवी वर्षानुवर्षं उडत नाही. पण आमच्या घरातली मंडळी शेजारी बसली की हमखास!" डॉक्टर मोठ्याने हसले. "मी तर सगळ्यांना सांगतो, गाडीला हिचा पायगुण मानवत नाही."

मामा सवयीने हसले. मामी हसल्या नाहीत. पण त्यांनीही ते बोलणं तेव्हा थट्टेवारीच नेलं, हे त्या पुढे स्वतःच कबूल करत.

गाडी दुकानात राहिली. मामींनी उडणारा फ्यूज काढला आणि त्याच्या जागी दोन वायरी जोडून एक बल्ब टांगला. पंपाची जोडणी मागून सोडवून ठेवली. आता त्या वाटेने करंट जायला नको. पण वायर कुठे उघडी पडून पत्र्याला टेकलीच, तर फ्यूज उडण्याऐवजी बल्ब पेटणार. मग त्यांनी वायरीचा माग काढायला सुरुवात केली. वायर फ्यूजच्या पेटीतून निघून दाराच्या कडेने गालिच्याखाली शिरत होती आणि शेजारच्या सीटखालून मागच्या डिकीत पंपापर्यंत जात होती. मामींनी ती जिथे जिथे हाताला लागली, तिथे तिथे हलवली, ओढली, वाकवली. गाडी ढकलून हलवली. स्वतः दोन्ही सीटांवर बसून बदाबदा आपटून पाहिलं. बल्ब ढिम्म. सीट काढावी म्हटलं तर तिचे बोल्ट गंजून असे धरलेले, की ते तोडावेच लागले असते, आणि जुन्या गाडीचं काही तोडायचं ते अगदी खात्री पटल्यावरच, असा मामींचा नेम.

तिसऱ्या दिवशी त्या कंटाळून स्टुलावर बसल्या.

मामा म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय ना कधी बिघडते ते."

"काय सांगितलंय?"

"बायको बसली की."

"ती थट्टा होती हो."

"तू गिऱ्हाइकाला विचारलंस, त्याने उत्तर दिलं. थट्टा की काय ते तू कशाला ठरवतेस?"

मामींनी मामांकडे टक लावून पाहिलं आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. "तुमच्या मिसेस गाडीत बसल्या की नेमकं काय काय करतात?"

"काय करणार? बसतात," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे पाय कुठे ठेवतात, पर्स कुठे ठेवतात, टेकून बसतात की पुढे होऊन?"

चोवीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. डॉक्टर चाचरत म्हणाले, "तुम्ही तिलाच विचारा. पण ती येणार नाही. सहा वर्षं झाली, ती त्या गाडीत पाऊल टाकत नाही. म्हणून तर मी ही गॅरेजं हिंडतोय."

डॉक्टरांची बायको शाळेत गणित शिकवायची. मामींनी शाळा सुटायच्या वेळी फोन केला. गणिताच्या बाईंनी गाडीचा विषय निघताच सांगून टाकलं, "मी त्या गाडीत बसणार नाही. चारचौघांत पायगुणाचा विनोद एकदा ऐकला, दोनदा ऐकला. मित्रांच्या मेजवानीत तिसऱ्यांदा ऐकला, तेव्हा मी ठरवलं, बास."

"बसू नका," मामी म्हणाल्या. "मला फक्त सांगा, किती वेळा बंद पडली?"

"एकवीस वेळा बसले, सतरा वेळा बंद पडली."

मामींनी कानावरचा फोन दुसऱ्या कानाला लावला. इतकं नेटकं उत्तर देणारं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात भेटलं नव्हतं. "आणि उरलेल्या चार वेळा?"

"सलग चार. तेव्हा ती सीट अडकली होती, पुढे सरकतच नव्हती. मी ही अशी बुटकी. मागे बसलं की मला समोरची काच दिसत नाही, नुसता डॅशबोर्ड दिसतो. चारही वेळा मान उंच करून बसले. मग यांनी सीट दुरुस्त करून आणली आणि..." बाई मध्येच थांबल्या.

"आणि पुन्हा बंद पडायला लागली," मामी हळूच म्हणाल्या.

"पुन्हा बंद पडायला लागली," बाई म्हणाल्या. "तुमचं दुकान कुठे आहे?"

अर्ध्या तासात त्या रिक्षाने हजर झाल्या. हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा तसाच होता. पाठोपाठ डॉक्टरही आले. बायको गॅरेजमध्ये गेल्याचं कळल्यावर एका पेशंटची दाढ तशीच सोडून आले की काय, अशी मामांना शंका आली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. वह्या मामांच्या मांडीवर ठेवल्या आणि सहा वर्षांनी त्या गाडीत जाऊन बसल्या.

"आता नेहमीसारखं करा," मामी म्हणाल्या.

बाईंनी सीटखालचा खटका ओढला आणि सीट एक खाच पुढे घेतली. बल्ब विझलेलाच. दुसरी खाच. विझलेलाच. तिसऱ्या, शेवटच्या खाचेला सीट 'खट्' करून बसली.

"आता गतिरोधकावरून गाडी गेल्यासारखं जरा आपटा."

बाई संकोचल्या. मग डॉक्टरांकडे बघत त्यांनी असं काही आपटलं, की सगळी गाडी डुलली. आणि बल्ब लख्ख पेटला.

मामा वह्यांसकट उठून उभे राहिले. "पुन्हा!" ते ओरडले. बाईंनी पुन्हा आपटलं. पुन्हा उजेड. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बाई आता थांबायलाच तयार नव्हत्या. लहान मुलीसारख्या सीटवर उड्या मारत होत्या आणि प्रत्येक उडीला बल्ब लुकलुकत होता.

मामींनी आता खुशाल बोल्ट तोडले. सीट बाहेर आली, गालिचा उलटला. सीटच्या सांगाड्याला पुढच्या बाजूने एक पट्टी होती आणि तिचा कोपरा चाकूसारखा झालेला. सीट शेवटच्या खाचेला आली, की तो कोपरा नेमका वायरीच्या वर येई. गाडी आपटली, की सीट दबून कोपरा वायरीत रुते. वायरीचं वरचं आवरण बोटाच्या पेराएवढं कापलं गेलं होतं आणि आतलं तांबं चकाकत होतं. बाई चिडून उतरल्या, की सीट वर येई, कोपरा सुटे, आणि डॉक्टरांनी घातलेला नवा फ्यूज सुखाने टिके.

"म्हणजे माझ्या वजनामुळे?" बाईंनी विचारलं.

"छे हो! उंचीमुळे. मी तीन दिवस आपटत होते, पण मी ही अशी ताडमाड, सीट मागेच. तुमच्यासारखं पुढे सरकून कुणी बसलंच नाही त्या सीटवर. चारही गॅरेजवाले धिप्पाड असणार."

"होते," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

बाईंनी वाकून त्या चकाकणाऱ्या तांब्यावर बोट ठेवलं. "सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा मनातून तो पायगुण अर्धाअधिक मानायला लागले होते हो. गणित शिकवते मी, तरी."

डॉक्टर पुढे आले. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण रोज दुसऱ्यांचं तोंड उघडायला लावणाऱ्या त्या माणसाचं स्वतःचं तोंड काही उघडेना. अखेर म्हणाले, "चुकलं माझं. चारचौघांत बोललो, आता माफीही चारचौघांतच मागेन. सगळ्यांना पुन्हा जेवायला बोलावतो."

"बोलवा," बाई म्हणाल्या. "बल्ब कसा पेटला, ते मी सांगणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मामींनी कापलेला तुकडा काढून नवी वायर जोडली, तिला जाड नळी घातली आणि तिची वाट सीटपासून दूर, दाराच्या बाजूने वळवली. पट्टीचा कोपरा कानशीने घासून गोल केला. नवे बोल्ट लावून सीट बसवली आणि पंप जोडून बल्बच्या जागी फ्यूज घातला. मग बाईंना शेवटच्या खाचेवर बसवून स्वतः गाडी चालवली आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावरून आठ वेळा नेली. मामा कडेला उभे राहून मोठ्याने मोजत होते. गाडीने साधी उचकीसुद्धा दिली नाही.

रविवारी दुपारी दुकानातला फोन वाजला. गणिताच्या बाई होत्या. मागून लाटांचा आवाज येत होता. "समुद्रावर पोचलो! एकशे दहा किलोमीटर, गतिरोधक त्रेचाळीस, फ्यूज एकही नाही."

"डॉक्टर खूश?" मामींनी विचारलं.

"ते कुठले! सारखे वाकून फ्यूजच्या पेटीकडे बघत होते, रस्त्याकडे लक्षच नाही. परत येताना गाडी मी चालवणार आहे. त्यांना शेजारी बसवते."

मागून डॉक्टरांची तक्रार ऐकू आली, की त्या सीटवर त्यांचे पाय मावत नाहीत.

"मागे सरकवा म्हणावं," मामी म्हणाल्या, "आता कुठल्याही खाचेवर चालेल," आणि हसता हसता फोन मामांकडे दिला. डॉक्टरांची थट्टा खरी धरायला सुचवल्याबद्दल बाईंना मामांचेही आभार मानायचे होते.