ब्रेकमावशीचा उजवा पाय

गाडी शिकवणं हा ब्रेकमावशीचा धंदा. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि तो घाबरून भलतंच काही करायला लागला, की आपल्या पायाशी बसवलेला जादा ब्रेक दाबायचा. शिकवणीच्या गाडीला असा दुसरा ब्रेक असतोच. पण मावशीचा पाय त्यावर जितका पडे, तितका शहरात दुसऱ्या कोणाचाच पडत नसे. म्हणून हे नाव. तिच्या तोंडावर मात्र कोणी ते घेत नसे, कारण घेणाऱ्याला ती भर चौकात गाडी मागे घ्यायला लावी.

त्या सीटवर वर्षानुवर्षं काढल्याने पायाला खोडच जडली होती. बसमध्ये बसली, की ती ड्रायव्हरच्या वतीने समोरची फळी दाबत राही. सिनेमाला गेली आणि पडद्यावर एखादी गाडी वेगात वळली, की पुढच्या खुर्चीतल्या माणसाच्या पाठीत लाथ बसलीच म्हणून समजा. तिचा नवरा शिंपी. पायाने मशीन झोकात चालवणारा हा माणूस गाडीत बसला की क्लच कुठला आणि ब्रेक कुठला तेच विसरे. मावशीचा एकुलता एक नापास विद्यार्थी. तरीही संसार सुखाचा झाला, कारण दोघांनी तो विषय कायमचा मिटवून टाकला होता.

त्यांची मुलगी ठमी. ठमी म्हटल्यावर जी गुटगुटीत पोर डोळ्यांपुढे येते ती केव्हाच उंच होऊन आईच्या डोक्यावरून बघायला लागली होती. अठरा पुरी झाली, लायसन्स मिळालं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेशही मिळाला. तिथली कामाची पाळी सुटेपर्यंत शेवटची बस निघून जायची. म्हणजे गाडी लागणार होती. जुनी का होईना, पण भरवशाची. आईने लगेच होकार दिला. आता आपण एकटीने जायचं, असं ठमी धरून चालली. मावशी तसं काही धरून चालली नव्हती.

जुन्या गाड्यांचा दलाल एके काळी मावशीकडेच शिकलेला. टायरच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडखाली त्याच्या गाड्या उभ्या असत. मायलेकी फाटकातून आत येताना दिसल्या आणि त्याने हातातली सिगारेट टाकली, पोट आत घेतलं.

"या मावशी! अगदी तुमच्याजोगी गाडी आहे."

"माझ्याजोगी नको. हिच्याजोगी दाखव," मावशी म्हणाली आणि पहिल्याच लाल गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"चालवायच्या बाजूला बसून बघा की."

"तिकडे ही बसेल. माझी जागा मला ठाऊक आहे."

लाल गाडी कमी चाललेली आहे, असं दलाल शपथेवर सांगत होता. मावशीने खाली वाकून पाहिलं. "कमी चाललीय ना? मग पेडलवरची रबरं का बदललीस? झिजल्याशिवाय कोण बदलतं?" दलाल छताकडे बघू लागला. पुढच्या निळ्या गाडीचे चारही दरवाजे तिने बोटाने वाजवले. त्यातला एक बद्द वाजला. म्हणजे कुठेतरी ठोकून, आत लांबीचा लगदा भरून वर रंग फासलेला. तीही बाद.

मग आली एक राखाडी गाडी. एका ग्रंथपालाची. त्या गृहस्थांनी हॉर्नसुद्धा संकोचानेच वाजवला असावा. वजनाला दणकट, इंजिन शांत, टायर सगळीकडून सारखे झिजलेले, पट्टे आणि एअरबॅग जागच्या जागी. ठमीने ती गल्लीतून फिरवून आणली. गाडीने कुठे हूं की चूं केलं नाही. मावशीचा उजवा पाय मात्र सबंध वेळ समोरच्या गालिच्यावर आपटत होता, आणि तिथे गालिच्याखेरीज काहीच नव्हतं.

"नको," ती उतरताना म्हणाली. "काच वर जाताना कुरकुरते."

"कुरकुरीचं काय घेऊन बसलीस आई? तुझ्याबरोबर अठरा वर्षं काढलीयत मी."

दलाल हसला नाही. तो त्या आपटणाऱ्या पायाकडे बघत होता. बघता बघता त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो शेडच्या पाठीमागे पळाला. तिथून त्याने एक पांढरीशुभ्र, नुकतीच धुतलेली गाडी आणून उभी केली. शेजारच्या सीटचं दार त्याने स्वतःच्या हाताने, वाकून उघडलं.

खाली, पायाशी, दुसरा ब्रेक.

मावशी पार विरघळली. आपल्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला ती बजावत आली होती, की बाबांनो, शिकवणीची गाडी कधी विकत घेऊ नका, शेकडो शिकाऊंनी तिचा क्लच जाळलेला असतो. आता तीच बाई असल्या गाडीत माहेरी आल्यासारखी ऐसपैस बसली. गिअर टाकताना करकरला, तर म्हणाली, "हात बसला की जाईल." इंजिनाने काळा धूर सोडला, तर म्हणाली, "घसा मोकळा करतेय." ठमी आईकडे बघतच राहिली.

"आपण हिला मोठ्या रस्त्यावर नेऊया," ती एवढंच म्हणाली.

रस्त्याला गर्दी होती. ठमी बेताने, डावीउजवीकडे नीट बघत चालली होती. मागून एक टेम्पो येत होता, तोही तिने आरशात टिपून ठेवला होता. लांब, पार पुढे, एक कबुतर रस्त्यावर उतरलं. ते उडणार हे ठमीला दिसत होतं, टेम्पोवाल्यालाही दिसत होतं, बहुधा कबुतरालाही ठाऊक होतं. फक्त मावशीच्या पायाला कोणी कळवलं नव्हतं. पाय पडला. गाडी रस्त्याच्या मधोमध खाडकन थांबली आणि मागून टेम्पो येऊन धडकला.

धक्का तसा मोठा नव्हता. टेम्पोवाल्याने वेळेवर सावरलं होतं. पण तो तरातरा चालत आला तो तोंडाचा पट्टा सोडूनच. "येत नाही तर रस्त्यावर येता कशाला? कोणी शिकवलं तुला, कोणी?"

मावशीने तोंड उघडलं. तेवढ्यात ठमीने खिडकीतून मान बाहेर काढली. "चुकलं काका. माझंच चुकलं."

मावशीने ब्रेकवरचा पाय आता कुठे काढला. टेम्पोवाला बडबडत निघून गेला. ठमीने गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"ही गाडी कोणासाठी घेतेयस आई?"

"तुझ्यासाठीच."

"मग तो ब्रेक कोणासाठी? तू रोज येणार शेजारी बसायला? वॉर्डातल्या पाळीलाही येशील? मी इंजेक्शन द्यायला लागले की तिथेही दाबशील?"

मावशी आपल्या पायाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत त्या पायाने कितीजणांना वाचवलं, हे ती कौतुकाने सगळ्यांना सांगत असे. आज त्याच्यामुळेच पोरीला धडक बसली होती, आणि शिव्या पोरीने खाल्ल्या होत्या. तिला लाज वाटली. भीतीही वाटत होती, ती तर काही केल्या जात नव्हती.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "परक्यांची पोरं सोडताना कधी वाटली नाही. तुझी वाटते."

ठमीने तिचा हात धरला. "वाटू दे की. घरी बसून वाटू दे."

मावशी आधी रागाने बघायला गेली आणि मग तिला हसूच फुटलं. परत जाताना तिने दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. पट्टा लावून मांडी घातलेली ब्रेकमावशी बघून दलालाला वाटलं, सौदा पटला. मावशीने मागच्या बंपरचा पोचा त्याला दाखवला, तो दुरुस्त करून देण्याचं कबूल केलं आणि त्याचा चेहरा खुलायच्या आत राखाडी गाडीची किल्ली मागितली.

"काच कुरकुरते ना, मावशी?"

"तेल घाल. आणि शिकवणीची गाडी दुसऱ्या कोणाच्या आईला दाखवलीस, तर तुला पुन्हा चौकात उभा करीन."

सोमवारी ठमीचा पहिला दिवस. मावशी तिला सोडायला खाली आली, गाडीच्या पुढून वळसा घालून सवयीने शेजारच्या दाराशी गेली आणि दार उघडलं. त्या सीटवर ठमीची बॅग बसली होती. पट्टा लावून, नीट, सरळ.

"जागा भरलीय मावशी," ठमी आतून म्हणाली. "पुढची गाडी बघा."

"आगाऊ कार्टी!" मावशीने दार लावलं. नीट लागलंय ना, म्हणून पुन्हा एकदा उघडून लावलं. ठमीने आरसा पाहिला, सिग्नल दिला, मान वळवून मागे पाहिलं. सगळं शिकवल्याप्रमाणे. गाडी निघाली.

शिंपी हातातलं काम टाकून, गळ्यात टेप तसाच ठेवून दारात आला होता. गल्लीच्या टोकाला वळण होतं आणि वळणावर एका सायकलवाल्याने अचानक चाक पुढे काढलं. मावशीचा उजवा पाय जमिनीत रुतला.

गाडीचे मागचे लाल दिवे त्याच्या आधीच लागले होते. अगदी थोडं आधी, पण आधीच. हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, मावशीला कळलं. सायकलवाला पुढे गेला, दिवे विझले, गाडी वळणाआड दिसेनाशी झाली.

"थांबवली बघ मी," मावशी नवऱ्याला म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

"हो, पाहिलं," शिंपी म्हणाला. "आता पाय काढ. जाऊ दे तिला."