नाकोबाची दुपार

दुपारी वखार थंडावली की नाकोबा भट्टीवालीच्या मागच्या दाराने आत शिरतो आणि आतून कडी घालतो, अशी कुजबुज उठली, तेव्हा गल्लीतल्या बायकांच्या हातातली भाजी निवडायची राहिली. भट्टीवाली नवऱ्यामागे एकटी पाव भाजणारी, जिभेची तिखट. नाकोबा दोन लेकींचा बाप. गल्लीला आणखी काय हवं?

अनोळखी ओंडक्याची जात ओळखणं हे नाकोबाचं काम. आधी साल बघायची, मग कुऱ्हाडीने ढलपी काढून आतल्या रेषा. साल गळालेली आणि रंग उडालेला असला, की ढलपीला थुंकी लावून नाकाशी धरायची. त्या नाकावरूनच त्याला नाव पडलं आणि त्या नाकावरच वखारीमागच्या दोन खोल्या मिळाल्या. वखारवाला म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ. हसत हसत सुनवायचा, "दाजी, नाक आहे तोवर खोल्या तुमच्या."

मग एका सकाळी सगळ्या पावाला सर्दीच्या मलमाचा वास. बाभूळ म्हणून भट्टीत निलगिरी गेली होती. उरलेला ओंडका काखोटीला मारून भट्टीवाली वखारीत आली आणि त्याच्यासमोर फोडला. शेजारचा हमाल शिंकला. नाकोबाने मात्र ढलपी हुंगली, डोळे मिटले आणि मान डोलावली, बाभूळच म्हणून. भट्टीवाली त्याच्याकडे बघतच राहिली. एरवी तिने वखार डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी हळूच म्हणाली, "दुपारी मागच्या दाराने येत जा. आणि खिसे रिकामे आणू नकोस."

कुजबुज फिरत फिरत घरी पोचली. बायकोच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि तिचं माहेर तर भिंतीपलीकडेच. तिथली करवत या खोलीत ऐकू यायची.

"अहो, ती बोलावते म्हणून जाता?" तिने विचारलं.

नाकोबाने भिंतीकडे पाहिलं. करवत थांबली होती.

"हो. बोलावते," तो म्हणाला.

त्यानंतर बायकोने अबोला धरला. रागाच्या भरात दूध करपवलं आणि तेच त्याच्यापुढे आदळलं. त्याने ते निमूट पिऊन टाकलं. मनात पाप असल्याशिवाय माणूस असं पितो का, असं तिने भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, पुरुषाचं चालायचंच. कामाला माणूस चोख आहे.

खरी गोष्ट एवढीच. थंडीतल्या तापात नाकोबाला वास येईनासा झाला, तो परत आलाच नाही. बंद दाराआड त्याने वखारीतून खिशात आणलेली एकेक ढलपी हुंगून भट्टीवाली जात सांगायची आणि तो ती पाठ करायचा.