बत्तीस घरांचं प्रमाण मी पुसलं

पान पुसलं गेलं आणि बत्तीस घरांच्या मसाल्याचं प्रमाण त्याच्याबरोबर गेलं. सकाळचे अकरा वाजले होते. मिरच्या गच्चीवर वाळत होत्या, सुनेच्या हातात धण्यांची परात होती आणि माझा अंगठा अजून फोनवरच होता.

"आई, काय दाबलंत?"

"पुसलं. नवे भाव लिहायचेत ना?"

"काय पुसलंत?"

"सगळं."

तिनं परात खाली ठेवली आणि फोन माझ्या हातातून घेतला. वेबसाइटवर आमचं नाव होतं, गाळ्याचा फोटो होता. ऑर्डरचं पान नव्हतं.

"फोननं विचारलं असेल ना, नक्की काढायचं का म्हणून?"

"दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं."

तिनं फोन परत माझ्या हातात दिला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दिंडोशीत आमचा मसाला कांडपाचा गाळा आहे. बाहेर फळा असतो. भाव बदलला की आधी ओल्या फडक्यानं फळा स्वच्छ पुसायचा, मगच खडू हातात घ्यायचा. जुन्या आकड्यावर नवा आकडा गिरवला की गिऱ्हाईक भांडायला येतं. इतकी वर्षं मी हेच केलं. त्या सकाळी बेडगी मिरचीचा भाव चढला म्हणून मी वेबसाइटही तशीच पुसली. फळ्यावर गिऱ्हाईक कधी काही लिहीत नाही. त्या पानावर गिऱ्हाइकांनी लिहिलेलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आमच्याकडे तयार मसाला विकत नाहीत. मिरगाच्या पावसाआधी प्रत्येक घर वर्षाचा मसाला कुटून नेतं आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं. कुणाला बेडगी जास्त, लवंगी नावाला. कुणाला तिरफळ हवंच, कुणाच्या घरात तिरफळाचा वास चालत नाही. पूर्वी बाया सामान घेऊन यायच्या आणि आपला मसाला होईपर्यंत स्टुलावर बसून राहायच्या, दुसऱ्या घरचा आपल्यात मिसळू नये म्हणून. मग चाळी पडल्या, टॉवर उठले, माणसं मुलुंड, बोरिवलीला गेली. तिथून मिरच्यांचं पोतं घेऊन कोण येणार? सामान आमचं आणि प्रमाण त्यांचं, अशा ऑर्डरी घ्यायला वेबसाइट काढली. पानावर एक चौकट होती. तिच्यात ज्यानं त्यानं आपल्या घरचं प्रमाण आणि फोन नंबर लिहायचा.

माझा मुलगा वारल्यावर गाळा सुनेनं आणि मी चालवला. गिऱ्हाईक कमी होत गेलं. त्या वर्षी तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "आई, हा एक हंगाम बघते. नाही जमलं तर मी बोरिवलीला मॉलमध्ये लागते, तुम्ही मशीन विकून टाका." मी हो म्हटलं होतं. एकटीनं ते मशीन मला आवरत नाही. तेव्हा त्या बत्तीस घरांवर गाळा राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

वेबसाइटसाठी कोडिंग लागतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती बी.कॉम. आहे, पण ते तिला येत नव्हतं. तिनं अंधेरीत क्लास लावला. रोज वही भरून आणायची. तीन आठवड्यांनी पडद्यावर एक निळा चौकोन आला.

"यात मसाला कुठे लिहायचा?" मी विचारलं.

"अजून तिथपर्यंत शिकवलं नाही."

आमच्या मजल्यावर एक बाई शिवलेल्या नऊवारीच्या ऑर्डरी घेते. तिची वेबसाइट आहे. मी सरळ तिला जाऊन विचारलं, तुला कोडिंग येतं का?

ती हसली. "मला साधा पंखा दुरुस्त करता येत नाही, आजी. तयार साचा मिळतो. आपण आपलं सारण भरायचं."

मी चौथीपर्यंत शिकले. मला वाचता येतं. तीन दुपारी तिच्याजवळ बसून मी ती साइट उभी केली. बटणं मराठीत होती. फोटो कुठे टाकायचा ते फोनच दाखवत होता. वेळ लागला तो काय लिहायचं त्यालाच. आम्ही कोण, काय कुटतो, किती दिवसांत देतो. एवढं स्वतःला ठाऊक नसेल तर कोडिंग येऊन काय करणार? आता मला बाया विचारतात तेव्हा मी सांगते, सुरुवात करायला ते लागत नाही. पडद्यावर प्रश्न आला की तो नीट वाचावा लागतो. मी तो वाचला नव्हता.

त्या सकाळी सुनेनं क्लासच्या मास्तरांना फोन लावला. स्पीकरवर लावला, मीही ऐकलं.

"कायमचं डिलीट केलंय? मग मला येतं ते सगळं कोडिंग लावलं तरी परत येणार नाही. कॉपी ठेवली होती का कुठे?"

"नाही, सर."

"वहीत तरी?"

वहीतही नव्हती. इतकी वर्षं गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसून तोंडानं सांगायचं, उतरवून ठेवायची सवयच आम्हाला नव्हती. साइटवर लिहिलंय म्हणून आम्ही निर्धास्त.

मला वाटलं, मला आठवेल. बसले. नऊ घरं आठवली, तीही जुनी. पुढच्या सोमवारपासून मसाला घरी पोचवायचा शब्द दिलेला होता आणि बाकीच्यांचे नंबरही त्याच पानात गेले होते.

सून म्हणाली, "साइटवर नोटीस टाकू. तांत्रिक अडचणीमुळे आपली माहिती..."

"तंत्राला काय धाड भरलीय? अंगठा माझा होता."

"आई, लोक हसतील."

"हसू देत. खोटं वाचून परत कोण लिहील?"

"तुमचं नाही, गाळ्याचं नाव जाईल."

"मग माझं टाक. म्हातारीनं पुसलं म्हणून लिही."

अर्धा तास भांडलो. शेवटी नवं पान काढून मीच लिहिलं: तुमच्या घरचं प्रमाण माझ्या हातून पुसलं गेलं. चूक माझी. पुन्हा लिहा, तुमच्या मसाल्याला हात लावण्याआधी मी फोन करून वाचून दाखवीन. त्या दिवसापासून येईल ते प्रमाण सून आधी वहीत उतरवायची.

दुपारपर्यंत कुणीच लिहिलं नाही. मग पहिला फोन आला तो कोकणातल्या आमच्याच तालुक्यातल्या एका बाईचा. "काय गो, माझां प्रमाण पुसलंस? माझ्या सासवेचां होतां तां!"

"व्हय. परत सांग."

"सांगतंय. पण ह्या वेळी लिही गो, डोक्यात ठेव नको." तिनं सांगितलं आणि वर सासूबद्दल दहा मिनिटं बोलली.

चार दिवस सून ओळखीच्या इमारतींत फिरली, जोगेश्वरीपासून पार बोरिवलीपर्यंत. जिना चढायचा, बेल वाजवायची, सांगायचं. एका बाईनं दारातच सुनावलं की वर्षाच्या जेवणाचं असं करतात का? सुनेनं ऐकून घेतलं आणि वही पुढे केली. मुलुंडचे एक आजोबा साइटवरचं वाचून स्वतः गाळ्यावर आले. बायको गेल्यावर तिची चिठ्ठी बघून त्यांनी प्रमाण साइटवर लिहिलं होतं आणि आता ते तिथे आहे म्हणून चिठ्ठी टाकून दिली होती. त्यांनी बरणी आणली होती. तळाशी दोन चमचे मसाला होता.

मी तो तळहातावर घेतला, हुंगला, जिभेला लावला. दगडफूल होतं, बडीशेप जास्त होती, तिरफळ नव्हतं. मिरची मला सांगता येईना. तीन वेगवेगळे वाटे कुटून त्यांना चाखायला दिले. तिसऱ्याला ते म्हणाले, "जवळ आहे. तसंच नाही, पण जवळ आहे."

"याहून जवळ मला जमणार नाही," मी म्हटलं. त्यांनी तोच घेतला.

सोमवारचा शब्द आम्ही मोडला. मसाला गुरुवारपासून जायला लागला. एकोणतीस घरांचा गेला. तीन घरांनी पुन्हा लिहिलं नाही, ती अजूनही आलेली नाहीत. गाळा टिकायला एकोणतीस पुरली. मॉलमधून बोलावणं आलं तेव्हा सून मिरच्यांची देठं काढत होती. तिनं त्यांना नाही म्हणून सांगितलं आणि पुन्हा देठं काढायला लागली.

तो आठवडा आम्ही दोघींनी काढला, मी आणि माझी सून. मदतीला तिसरं कुणी नव्हतं.