खुडूक कोंबडीची अंडी

माझ्या नवऱ्याच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी पाव, बटाटा बंद करून अंडी आणि भाज्या खायला सांगितल्या. मी मोबाइलवर शोधून एक पदार्थ काढला. पालक, सिमला मिरची, कांदा, टोमॅटो थोड्या तेलात परतायचं, फेटलेल्या अंड्यांत कालवायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. नवरा म्हणाला, "अंडी मात्र गावठी आण. तुझ्या शाळेकडे मिळतील."

मी डहाणूला मसोलीत राहते आणि तलासरी तालुक्यात, उधव्याच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींच्या घरी कोंबड्या आहेत. शुक्रवारी मी त्यांना म्हटलं, "मावशी, उद्या दहा अंडी द्याल का?"

त्यांनी विचारलं, "उद्याच पाहिजेत, बाई?"

"हो, रविवारी करायचंय."

"आणते," म्हणाल्या. शनिवारी खरंच भाताच्या तुसात ठेवून दहा अंडी घेऊन आल्या. मी घरी येऊन ती फ्रिजमध्ये ठेवली.

रविवारी भाज्या परतून झाल्या, ओव्हन तापला आणि मी एकेक अंडं वाटीत फोडायला लागले. पहिली दोन स्वच्छ निघाली. तिसऱ्यात बलकावर बारीक लाल धाग्यांची जाळी होती. माझ्या माहेरी कोंबड्या होत्या, त्यामुळे मला बघताक्षणी कळलं. ही अंडी उबवायला बसवलेली होती. मावशींनी ती कोंबडीच्या पोटाखालून काढून आणली होती.

माझा हात थांबला खरा, पण फार वेळ नाही. फ्रिजमध्ये राहिलेली अंडी, आता त्यांतून पिल्लं थोडीच निघणार, अशी मीच माझी समजूत घातली. जाळी दिसलेली तीन फेकून दिली. काहींत नुसता लाल ठिपका होता, तो चमच्याच्या टोकाने काढला. वर थोडं चीज किसलं. छान फुगून आलं. नवऱ्याने दोनदा मागून घेतलं. त्याला मी काहीच बोलले नाही.

सोमवारी मी त्यातलाच एक तुकडा डब्यातून मावशींसाठी नेला. त्यांनी चुलीपाशी बसून अर्धा खाल्ला, "चांगला झालाय, बाई," म्हणाल्या आणि उरलेला सुनेसाठी पदराला बांधला.

बुधवारी त्या वेळेवर आल्या नाहीत. शाळेतल्या धान्याच्या कोठीची किल्ली त्यांच्याकडे होती, म्हणून मीच त्यांच्या घरी गेले. मावशी अंगणात एका कोंबडीला बादलीतल्या पाण्यात बुडवत होत्या. कोंबडी पंख फडफडवत ओरडत होती.

"काय झालं हिला?"

"खुडूक आहे. उबवायला म्हणून रिकाम्या टोपलीत बसून राहते, दाणासुद्धा खायला उठत नाही. पाण्यात बुडवली की खुडूकपण उतरतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज हिच्यापायीच उशीर झाला."

"माझ्यासाठी तिची अंडी काढलीत ना, मावशी? मला 'नाही' का नाही म्हणालात?"

"बाईंनी कधी नाही ते मागितलं. नाही कसं म्हणायचं?"

मी म्हटलं, "मला फोडतानाच कळलं होतं. तरी मी केलं. वर तुम्हालाही दिलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागावतील असं वाटलं, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. "हिला जरा धरा, किल्ली आणते," एवढंच म्हणाल्या आणि भिजलेली कोंबडी माझ्या हातात दिली. ती थरथरत होती. पोटाकडची पिसं झडलेली होती आणि तिथली कातडी तापलेली लागत होती. मावशी येईपर्यंत मी तिला छातीशी धरून उभी राहिले. साडी पार भिजली.

ती कोंबडी चार दिवसांनी दाणे टिपायला लागली, असं मावशींनीच सांगितलं. पुढे दोनदा त्यांनी विचारलं, "अंडी आणू का, बाई?" दोन्ही वेळा मी सांगितलं, घरात आता कुणी खात नाही. घरी तो पदार्थ दर रविवारी होतो, दुकानातल्या अंड्यांचा.