तीन बोटं आणि कॉफी

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलं असेल तर ते बांगड्यांच्या डब्यांवर, खडूने, मापं: सव्वादोन, अडीच. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिलाच. वाचणाऱ्यांत कुणी डॉक्टर असतील तर त्यांनी माझं अज्ञान पोटात घालावं. ही गोष्ट त्या अज्ञानाचीच आहे, म्हणून ते झाकता येत नाही.

आमचं घर वडनेर भोलजीला. बाबा दुकानात बसतात आणि आई पेटी घेऊन आसपासच्या गावांत बांगड्या भरायला जाते. मापाची पट्टी तिला कधी लागली नाही. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याखालची हाडं दोन बोटांनी दाबायची आणि माप सांगायची. मग गप्पा मारता मारता बांगडी मनगटावर उतरलेली असे. बायका म्हणत, "कासारीनबाई, कवा घातली वं?" आईची नजर त्यांच्या तोंडाकडे असायची, हाताकडे नाही. सगळं बोटांनाच कळायचं.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग आग. झोपेतून उठून ती हात झटकत बसायची. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनगटात नस दबली आहे. गोळ्या घ्या, पट्टा बांधा, हाताला आराम द्या आणि अकोल्याला जाऊन नसेची तपासणी करून या.

"हाताले आराम दे म्हने," घरी येऊन आई म्हणाली. "मंग काय पायानं भरू बांगड्या?"

मी बुलढाण्याला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करतो. त्याच आठवड्यात सरांनी वर्गात कॅफीन शिकवलं होतं. शरीराला थकवा सांगणारं एक रसायन असतं, त्याची जागा कॅफीन अडवून बसतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं. दुखण्याच्या निरोपांतही त्याची लुडबुड चालते. मला हे फार आवडलं. संध्याकाळी मोबाइलवर शोधलं. एका पानावर वरच लिहिलं होतं की काही लोकांना कॉफीने नसांचं दुखणं कमी जाणवतं. त्याखाली बरंच काही होतं, 'पण' या शब्दाने सुरू होणारं. ते मी वाचलं नाही.

शनिवारी मलकापूरला एसटी बदलून घरी गेलो, ते कॉफीची पुडी घेऊनच. आमच्याकडे कॉफी म्हणजे मोठ्या लग्नात मशीनमधून फेस काढून देतात ती. धाकट्या बहिणीने पुडीचा वास घेतला.

"आला मोठा डाक्तर! दादा, दारावर पाटी कवा लावतं?"

आईने पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "जयलेल्या तव्यावानी लागते रे हे."

"औषध हाय माय. नसेले चांगलं असते."

"कोन सांगतलं?"

"कॉलेजात शिकोलं."

मग तिने गिलास रिकामा केला. कॉलेजात शिकवलं म्हटलं की आमच्या घरात पुढे कुणी बोलत नाही. तेव्हा मला त्याचं बरं वाटायचं.

दिवसातून तीन वेळा ती कॉफी घेऊ लागली. झोप उडाली म्हणाली, तेव्हा मी संध्याकाळची बंद करायला सांगितली. आग मात्र होतीच. आणि मग महिना-दीड महिन्याने एक दिवस फोनवर तिचा आवाज हलका होता. "पोरा, आग थांबली रे. गोया बी सोडून देल्या म्या."

मी होस्टेलभर सांगत सुटलो. खोलीतला मित्र म्हणाला, "डाक्तर, माह्या गुडघ्याले काय पाजू बे?" सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या फोनवर आईने विचारलं, "मंग अकोल्याले जाऊ का नोको?"

"आता कायले जातं? बरं होऊन राह्यलं ना."

हे वाक्य माझं आहे. ते कुणावर ढकलता येत नाही.

बहिणीने मध्येच एकदा सांगितलं होतं की आईच्या हातून बांगड्या फार फुटतात. आई म्हणायची, काच हलकी आली आहे. मीही तेच धरून चाललो.

लग्नसराईत मी सुटीवर घरी होतो. शेजारच्या गावात नवरीचा चुडा भरायचा होता, म्हणून पेटी उचलायला सोबत गेलो. ओसरीवर बायका जमल्या होत्या. आईने नवरीचा हात घेतला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग वाकून नीट पाहिलं. बांगडी भरताना तिला हाताकडे बघताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिने सव्वादोनच्या बांगड्या काढल्या. पहिली गेली. दुसरी हाडावर अडली आणि तुटली. तिसरीही. नवरीच्या हातावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

हिरव्या चुड्यातली बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. नवरीची आत्या घाईने म्हणाली, "वाढली, वाढली म्हना बायांनो." आणि मग आईला, "ध्यान कुठी हाय आज तुमचं?"

"काच खराब हाय बाई," आई म्हणाली. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात नवरीच्या आईने नुकतीच उतरवलेली कॉफी आणली. "कासारीनबाई आता कॉफीच घेते म्हने. मुद्दाम केली." स्टीलचे गिलास होते. बायकांनी पदराने धरले. मी माझा तसाच खाली ठेवला. आईने तिचा गिलास उजव्या हाताच्या बोटांत धरला आणि बोलत राहिली. काच हल्ली कशी येते, रंग कसा उतरतो. बोलतच राहिली. मी तिच्या हाताकडे बघत होतो. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, पण काय ते डोक्यात शिरत नव्हतं.

आत्याने गिलास ओढून घेतला आणि स्वतःच ओरडली. "आवं बाप्पा! हात हाय का लाकूड? पोयलं ना तुले!"

आईने हात उघडला. तिन्ही बोटांची पेरं लालबुंद झाली होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली, जणू कुणी तिसऱ्याच बाईचा हात समोर धरला आहे.

"नाही," ती म्हणाली. "मले काईच नाही झालं."

ती खरं बोलत होती. घरी पोचेपर्यंत बोटांवर फोड आले होते.

अकोल्याला तिच्या हाताला तारा लावून तपासणी झाली. नंतर डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. "टोचलं की सांगा." टाचणी अंगठ्यावर टोचलेली मला दिसत होती. आई डोळे मिटून, मान किंचित पुढे करून, टोचण्याची वाट बघत होती.

आग कधी थांबली, असं त्यांनी विचारलं. मी कॉफीचं सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"कॉफीनं कुणाला जरा बरं वाटतं, कुणाची झोप उडून दुखणं वाढतं," ते म्हणाले. "पण दबलेली नस त्यानं सुटत नाही. यांची आग कॉफीनं थांबली नाही. नस आता निरोप द्यायचीच बंद होत चालली आहे. आग होत होती, तेव्हा यायला हवं होतं."

होस्टेलभर मी जे सांगत फिरलो होतो, ते हे होतं.

मनगटाचं छोटं ऑपरेशन करायचं ठरलं. बोटांची जाणीव परत येईलच असं नाही, आली तर काही महिन्यांनी, सावकाश येईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जिना उतरताना आई म्हणाली, "तू कायले तोंड पाडतं? खुश तं मीच झालती." दोन पायऱ्या उतरून थांबली. "बोटं नाही आली तं मी काय करीन रे? मले दुसरं काय येते?"

मी तिच्या हातातले तपासणीचे कागद घेतले आणि पुढे उतरू लागलो.

ऑपरेशन झालं. मी बुलढाण्याला परतलो. बहीण पट्टीने माप घेत गावोगाव जाऊ लागली, बायका तिला चिडवत, "दर्जीन हायस का वं?" मोबाइलवरचं ते पान मी पुन्हा उघडलं आणि 'पण'नंतरचं सगळं वाचलं. झोपेबद्दल होतं, सवयीबद्दल होतं. दुखणं थांबणं हीच कधीकधी वाईट खबर असते, हे त्यात कुठेच नव्हतं. ते मला नवरीच्या आत्याच्या ओरडण्यातून कळलं होतं.

रोज फोन करून मी विचारायचो, "आलं काई?" आई म्हणायची, "नाही रे." पुढे पुढे मी विचारेनासा झालो.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो, तर बहिणीचे चार मिस्ड कॉल होते. फोन लावला.

"दादा, मायनं चहाचा गिलास फेकून देल्ला. साऱ्या घरात चहा झाला."

"काऊन? काय झालं?"

"पोयलं म्हने. अंगठ्याले." मागून आईचा आवाज येत होता. "आता फुका मारून राह्यली अंगठ्यावर. हसते का रडते, मले समजून नाही राह्यलं. तू बोल तिच्याशी."