सरांची पाळी

आता मी स्वतः एका टीमचा प्रमुख आहे. प्रशिक्षणात पडद्यावर चांगल्या नेत्याचे गुण दाखवतात, तेव्हा मी मान खाली घालतो. मला आमचे सर आठवतात, आणि त्यांनी माझ्यासाठी दाखवलेल्या मोठेपणाची किंमत कुणी मोजली तेही.

वर्तकनगरच्या पॅथॉलॉजी लॅबमधली ती माझी पहिली नोकरी. घराण्यातला मी पहिला पदवीधर, म्हणून प्रत्येक गोष्टीला 'हो सर'. गणपतीत सगळ्यांनाच गावी जायचं असे, पण लॅब बंद ठेवता येत नसे. म्हणून सर हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकत; ज्यांची निघेल त्यांना सुट्टी. लॅबचे प्रमुख असूनही स्वतःच्या नावाचीही टाकत. त्या वर्षी त्यांची निघाली, माझी नाही.

"तोंड का पाडलंस रे?" त्यांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. गावी पत्र्याच्या जागी पक्कं घर झालं होतं आणि आईने पहिल्यांदाच गौरी बसवायचं ठरवलं होतं.

"मग माझ्या सुट्टीवर तू जा. आमच्याकडे भाऊ बघतील."

मी आनंदाने गेलो. पुरणपोळ्या खाल्ल्या, आईचे फोटो काढले.

परत आल्यावर सगळ्यांना लाडू वाटत होतो. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "मज्जा आहे बाबा तुझी! सरांची पाळी होती यंदा, आणि लाडू तू खाऊन आलास."

सर कोकणातले. मूळ घरात गणपती एकच, त्यामुळे चार भावांत पूजेची पाळी फिरते. म्हणजे यंदाची हुकली की पुढची चार वर्षांनी. आणि त्यांची आई तर तिथेच अंथरुणाला खिळलेली. हे सगळं मला ताईंकडून तेव्हाच कळलं.

मी सरांकडे गेलो. "सर, सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर गेला असतास?"

"नाही."

"मग? जा, सँपल लाव."

मला राहवेना. दुपारी डबा खाताना म्हणालो, "सर, मला तुमच्या आईंची माफी मागायची आहे."

ते हसले. "तिला कसली माफी? बोल हवं तर." त्यांनी नंबर लावला, मी कोण ते तिला सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

मी काही म्हणायच्या आत पलीकडून थकलेला आवाज आला. "तू तो काय रे? तुझ्या आवशीची गवर बसली मां नीट?"

"हो आजी."

"मगे बरा झाला." मग हळूच, "माका वाटला होता, ह्यो येतलो. वाट बघी होतंय."

मी फोन परत दिला. सरांनी तो बंद केला आणि पोळीचा घास मोडत विचारलं, "काय म्हणाली?"

"बरं झालं म्हणाल्या," मी सांगितलं. बाकीचं सांगायचा धीर मला झाला नाही.