बाईंची पेटी आणि एक फोलपट

झाकण मी उघडलं होतं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मिलमधल्या कोणाला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या बाईंना तर नाहीच. तोंडात शब्द येतो आणि मी चहा मागवतो. चार वर्षं असंच चाललंय.

मी मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये फिटर आहे. फोनवर एकदा पाहिलं, एक माणूस फळीवर उभा राहून पाण्याच्या हातभर वरून चाललाय. फळीखाली खांब, खांबाला बुडालेले पंख आणि एक मोटर. वेग आला की पंख फळीला उचलतात. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला असलं वेड लागू नये, पण लागलं. थर्माकोल आणि फायबरची फळी केली, पंख घासून आणले, मोटर मागवली. अडलं ते बॅटरीवर. तयार मिळणारी परवडत नव्हती.

बाजारात बाईंचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. नवरा गेल्यावर त्यांनी ते चालवलं, आणि ई-रिक्षांच्या मेलेल्या लिथियम बॅटऱ्या खोलून खोलून स्वतःच शिकल्या. माझं ऐकून म्हणाल्या, "भाऊ, पोहता येते ना तुमाले?"

"येते."

"मंग उडाचं कायले हाय?"

"पाहाव वाटते, बाई."

हसल्या. मग एकदम विचारलं, "वजन किती तुमचं?"

त्या प्रश्नापासून त्यांचं काम सुरू झालं. मोटर पाण्याच्या टाक्यात बुडवून, दोरीला मिलचा काटा लावून, किती ओढते आणि किती करंट खाते ते त्यांनी वहीत लिहिलं. "चिखलातून निंगताना बैलाले जोर लागते. मंग बंडी आपसूक चालते. आपली बॅटरी त्या निंगाच्या टायमाची पाह्यजे." त्या हिशेबानं एका ओळीत बारा सेल, अशा चौदा ओळी ठरल्या. एकशे अडुसष्ट सेल.

प्रत्येक सेल चार्ज करून, नंबर टाकून, अंड्यांच्या ट्रेमध्ये पंधरा दिवस नुसता ठेवला. मी घाई करायचो. बाई म्हणायच्या, "जो बसल्या जागी उतरते, तो पाण्यात काय साथ देईन जी?" असे नऊ सेल त्यांनी बाजूला काढले आणि त्यांच्या जागी दुसरे आणून तेही पंधरा दिवस तसेच बसवून ठेवले. जोडायची निकेलची पट्टी मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिली. तिला गंज चढला, तर अख्खं रीळ परत पाठवलं. प्रत्येक सेलला केसासारखी बारीक तार दिली, एक बिघडला तर तार जळून तो एकटाच तुटावा म्हणून. पेटी ॲल्युमिनियमची, तळ पाण्याला टेकलेला, आत गरमी साचू नये म्हणून. झाकणाखाली खाच आणि खाचेत रबराची कडी. मागच्या बाजूला एक झडप होती. मी म्हणालो, "हे छिद्र काऊन? पाणी नाई जाईन काय?"

"आतून बाहीर जाते, बाहीरून आत नाई. पेटी चिडली तं तिले बोलाले तोंड पाह्यजे."

रिकामी पेटी पेपर घालून दोन दिवस ड्रमच्या तळाशी दगडाखाली ठेवली. उघडली तेव्हा पेपर कोरडा होता, आणि बाई तो उभ्या उभ्या वाचायलाच लागल्या. मी इतकी वर्षं मशिनं दुरुस्त करतोय, पण काम असं करतात हे मी त्या दुकानात शिकलो.

सेल बसवून झाकण आवळल्यावर त्यांनी आठही बोल्टांवर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. बोल्ट फिरला तर ठिपका फुटतो. पेटी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "फळीत बसवा. झाकणाले हात लावाचा नाई."

मी ती फळीत बसवायला मिलमध्ये नेली. हंगाम होता, धान चालू होतं. हमाल जमले. एक म्हणाला, "बाईनं आत गोटेच भरले असन रे! फिटरसाहेब दगड घेऊन उडतेत!" सगळे हसले. मला ते सहन झालं नाही. बाईंचं काम त्यांना दाखवावंसं वाटलं, हे खरं. आणि उघडल्यावर मी "आम्ही बनवली" म्हणालो, हेही खरं. हमाल वाकून वाकून त्या ओळी मोजायला लागले. मी दुपट्ट्यानं रबर पुसलं, झाकण लावलं, आणि बाजारात जाऊन तोच लाल रंग शोधून आणला. तीन दुकानं फिरलो.

दोन दिवसांनी मामा तलावावर, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या मालगुजारी तळ्यावर, गेलो. बाईंनी आधी बोल्ट पाहिले, ठिपके पाहिले, मान हलवली. पहिल्या फेरीत फळी उठली. खालचा पाण्याचा आवाजच बंद झाला. काठावर बाई टाळ्या वाजवत होत्या, पदर खोचलेला. दुसऱ्या फेरीत मागे फुस्स आवाज आला, आणि झडपेतून धूर.

"सोडा ते! पाण्यात उडी मारा! दूर व्हा!"

मी उडी मारली. धूर मागच्या मागे गेला, माझ्या अंगावर आला नाही. बराच वेळ कोणाला जवळ जाऊ दिलं नाही त्यांनी. मग पेटी काठावर आणून उघडली. अकरा सेल गेले होते, बाकीचे शाबूत. बाई सेलांवर वाकल्या होत्या, झाकण माझ्या हातात होतं. रबराच्या कोपऱ्यात धानाचं एक फोलपट चिकटलेलं, आणि तिथूनच पाणी आत गेल्याची ओल. मिलमध्ये ते हवेतच असतं, आमच्या अंगाला, डोळ्यांच्या पापण्यांना लागलेलं, म्हणून आम्हाला दिसत नाही. तेव्हा मात्र दिसलं. मी ते अंगठ्यानं उडवून टाकलं.

बाईंनी खाचेची खोली मोजली, पुन्हा मोजली. "खाच कमी पडली. माही चूक. तुमाले काई झालं असतं तं मी कोनाले तोंड दाखोलं असतं, भाऊ?"

मी म्हणालो, "जाऊ द्या, बाई."

तेच त्यांनी सगळ्यांना सांगितलं, न लाजता. रिक्षावाले चिडवायचे, "बाईची बॅटरी पाण्यात भाजते!" त्याही हसायच्या. पण त्यानंतर त्यांनी एकही नवी पेटी बांधली नाही. आता जुन्या बॅटऱ्यांत पाणी भरून देतात. गेल्या आठवड्यात ब्रह्मपुरीचा एक रिक्षावाला नवी बॅटरी बांधून मागायला आला. मी दुकानातल्या बाकावरच होतो. बाई म्हणाल्या, "मले नाई जमत ते. एकडाव करून पाह्यलं." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इचारा यायले."

मी मान डोलावली.

खाच बरोबर होती. ड्रममधून निघालेला कोरडा पेपर त्याची साक्ष होता. एकेका सेलची तार, मागे तोंड असलेली झडप, सगळ्यानं नेमकं तेच केलं ज्यासाठी बाईंनी ते ठेवलं होतं, आणि म्हणून मी दोन पायांवर चालतोय. हे त्यांना माहीत नाही. त्यांच्या दुकानात, रिक्षावाल्यांसमोर, मिलच्या हमालांना सोबत नेऊन, झाकण मी उघडलं आणि फोलपट मी लपवलं, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.